पिंजरा आणि ओवरी

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा ओटला हा जाणाऱ्यायेणाऱ्यांनी टेकावे, चहा घ्यावा आणि घरच्या माणसांचे दोष त्यांच्या तोंडावर सांगावेत, यासाठीच बांधला असावा. चाळीस वर्षे मी ते ऐकत आलो आहे. परवा मात्र एका जुन्या स्नेह्यांचा प्रश्न मनाला लागला. पाणी पिण्याच्या निमित्ताने ते माजघरापर्यंत आले, कोपऱ्यात पाहिले, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "काय हो, ओसरीवर राघूचा रिकामा पिंजरा टांगून येईल त्याला व्याख्यान देणारे तुम्ही, आणि तुमच्याच घरात कुत्र्याला पिंजरा?"

व्याख्यान देतो हे खरे आहे. आमच्या आजीचा राघू त्या पिंजऱ्यात अकरा वर्षे होता. तो गेला तेव्हा वडिलांनी दुसरा आणू दिला नाही आणि पिंजराही टाकू दिला नाही. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळणे हा गुन्हाच आहे. पण कायदा होण्याच्या कितीतरी आधी आमच्या घराने ते सोडले, याचा मला अभिमान होता व तो मी लपवीत नसे. तेव्हा स्नेह्यांचा प्रश्न रास्तच होता. ओटल्यावर त्याचे उत्तर नीट देता आले नाही, म्हणून येथे देतो.

२०२४ च्या ऑगस्टची २६ तारीख बडोदेकरांना सांगावयास नको. गोकुळाष्टमीचा दिवस. सकाळपासून जो पाऊस लागला तो थांबेना, आणि दुसऱ्या दिवशी विश्वामित्रीने धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडली; पुढे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. समा, अकोटा, फतेगंज या भागांत लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर दिसू लागल्या. पाणी ओसरल्यावर माझा भाचा मित्रांबरोबर दूध आणि बिस्किटे वाटीत हिंडत होता. समा भागात एका इमारतीच्या जिन्याखाली, चिखलात, त्याला ही कुत्री सापडली. पुढच्या पायांवर उठे, मागचे फरपटत. भाज्यांच्या टोपलीत घालून त्याने ती आमच्याकडे आणली, कारण त्याच्या चाळीत जागा नाही आणि त्याच्या मामाला नकार देता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

टोपली, पूर आणि अष्टमी एवढे जुळून आल्यावर वहिनी दुसरे काय म्हणणार? वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी; वय ८१, सोवळे अजून कडक. त्यांनी ओसरीवरूनच पाहिले आणि म्हणाल्या, "यमुना आली." तेव्हापासून ती यमू.

जनावरांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले. कमरेचे हाड दोन ठिकाणी तडकलेले होते. बहुधा पुराच्या धांदलीत एखाद्या वाहनाचा धक्का बसला असावा. कमरेचे हाड हे कड्यासारखे असते, म्हणून ते मोडते तेव्हा सहसा एकाहून अधिक ठिकाणी मोडते. पण त्याच्याभोवती जाड स्नायू असतात. ते तुकडे बरेचसे जागच्या जागी धरून ठेवतात. मांडीचा सांधा शाबूत असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून हाड जुळते. अट एकच, विश्रांती. विश्रांती म्हणजे पडून राहा असे सांगणे नव्हे. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून निजता येईल, एवढीच जागा. पळणं नाही, उडी नाही, जिना नाही. पिंजरा आणा." लघवीला नेताना पोटाखालून पंचा घालून मागचा भार आपण उचलावयाचा, हेही त्यांनी करून दाखविले.

असा आमच्या घरी पिंजरा आला; भाच्याने कोणाकडून तरी मागून आणला. लोखंडी तारांचा, घडी होणारा, तीन फूट लांब, दोन फूट रुंद. हल्ली त्याला क्रेट म्हणतात. एक गोष्ट मात्र त्या दिवशी आम्ही पाहिली आणि तिच्यावर विचार केला नाही. यमूच्या मानेवर केस झडून गेलेले एक वळे होते, पट्ट्याचे. म्हणजे ती अगदीच रस्त्यावरची नव्हती. कोणीतरी तिला बांधीत असे. पाणी चढू लागले तेव्हा ती बांधलेली होती की सुटलेली, हे सांगणारे कोणी नाही. आमचा तर्क तुम्हीही कराल तोच आहे.

आता माझा अपराध सांगतो. एका कॉलेजात तीस वर्षे मी मानसशास्त्र शिकविले. पहिल्या रात्री दार लावताच यमूने जो आक्रोश मांडला, तो ऐकून सौ. उठली; मी तिला बसविले. भाच्याचा एक मित्र, त्याला कुत्र्यांचा अनुभव, सांगून गेला होता, "रडू द्या. रडलं की दार उघडतं हे तिला एकदा कळलं, की संपलं. तीन रात्रींत गप्प होईल." आणि मला ते पटले, कारण ते माझ्या पुस्तकांत होते. ज्या वागणुकीला फळ मिळत नाही ती हळूहळू विझते. वर्गात फळ्यावर त्याची उतरती रेघ मी शेकडो वेळा काढली असेल. तेव्हा कानांत कापूस घालून मी निजलो. तीनच्या सुमारास आवाज थांबला. मला समाधान वाटले, हे कबूल करतो.

सकाळी पाहिले तर हिरड्यांतून रक्त येत होते. पुढच्या पंजाचे एक नख उपसून निघाले होते. गोधडी लाळेने भिजलेली. तो जड पिंजरा भिंतीपासून वीतभर सरकला होता, आणि सरकविणाऱ्या जनावराचे कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडलेले होते. यमू डोळे उघडे ठेवून पडली होती. मी वाटी पुढे केली तर मान वळविली नाही.

"पाहा, गप्प तर झाली," असे काहीसे मी पुटपुटलो असेन. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती गप्प नाही झाली. ती थकली."

मी त्या दिवशी माझे जुने कपाट उघडले. पाव्हलोव्हचे नाव वाचकांनी ऐकले असेलच: कुत्र्याला अन्न देण्याआधी ठराविक खूण केली, की पुढे नुसत्या खुणेने त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा शोध लावणारा रशियन शास्त्रज्ञ. १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. ही कुत्र्यांची कीर्ती त्यानंतरची. तीस वर्षे मी तेवढेच शिकविले, कारण परीक्षेत तेवढेच येई. पण त्या चरित्रात एक पूर आहे. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडात नेव्हा नदी शहरात घुसली. पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत होती. पाणी चढत चढत पिंजऱ्यांच्या छतापाशी आले आणि ती नाकाएवढ्या हवेत पोहत राहिली. माणसे पोहोचली तेव्हा पिंजऱ्यांची दारे पाण्याखाली गेली होती, म्हणून एकेकाला आधी पाण्यात बुडवून मग बाहेर ओढावे लागले. कुत्री वाचली. पण त्यांतल्या काहींचे महिनोन्महिन्यांचे शिकलेले सारे पुसून गेले होते. एका कुत्र्याला पुन्हा सारे शिकविले, ते पूर्ववत् झाले. आणि मग खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडली, तेव्हा ते पुन्हा कोलमडले.

ते वर्ष १९२४ आणि हे २०२४.  योगायोगाला मी अर्थ देत नाही, पण कपाटासमोर बसलो असताना अंगावर काटा आला हे खरे. उतरत्या रेघेचा नियम खोटा नाही. तो हट्टाला लागू पडतो. भीतीला लागू पडत नाही. ज्याला दार हवे आहे त्याला दार न मिळाले, तर तो कंटाळून सोडून देईल. ज्याला दार न मिळाले म्हणजे आपण मरणार असे वाटते, तो सोडून कसा देईल? आणि दोघांचे रडणे बाहेरून सारखेच ऐकू येते. फरक पाहावयाचा तो रडण्यात नव्हे, बाकीच्या शरीरात: उकाडा नसताना धापा, लाळेची धार, पांढरे झालेले डोळे, गजांवर चालविलेले दात. ही लक्षणे दिसली की दार उघडावे. लाड वगैरे होत नाहीत.

दार उघडावयाचे, पण हाड तर सांभाळावयाचे. वाट वहिनींनी काढली. "दारच काढून टाका," त्या म्हणाल्या. "देवळातल्या ओवरीला कुठं दार असतं? वारकरी येतो, पथारी टाकतो, पाठ भिंतीला लागली की झोपतो." आम्ही बिजागऱ्या सोडवून दार काढले. पिंजरा माजघराच्या कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंती येतील असा सरकविला. पुढच्या उघड्या बाजूला फूट-दीड फूट उंचीची एक फळी टेकवली. तिच्यावरून यमूला सारे घर दिसे, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तिच्यात ती ओलांडण्याचे बळ नव्हते. खाली सौ.ची जुन्या लुगड्याची गोधडी. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला पिंजरा म्हणणे बंद झाले. ओवरी म्हणतात.

माजघरात कुत्री म्हटल्यावर वाचकांतल्या काही आजीबाई दचकल्या असतील. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. तिच्यात चार कुत्री थेट देवाच्या पायाशी आहेत आणि त्यांना आम्ही वेद म्हणतो. नामदेवांच्या घरची पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. पण घरातले कुत्रे ओसरीच्या आत येऊ नये, हा नियम तीन पिढ्या कोणी मोडला नव्हता. वहिनी काय म्हणतील या धास्तीत मी होतो. त्या एवढेच म्हणाल्या, "आजाऱ्याला सोवळं-ओवळं नसतं." बरी झाल्यावर पुन्हा ओसरीवर, हे त्यांनी त्याच वेळी बजावून ठेवले होते, हेही नोंदवितो.

तिसऱ्या आठवड्यात खरी अडचण आली. दुखणे उतरले म्हणजे जनावराला वाटते आपण बरे झालो. हाड मात्र अजून कच्चे असते. यमू फळीवर पुढचे पाय टेकू लागली. आज ना उद्या उडी मारणार हे दिसत होते. दार आता खरोखरीच लागणार होते, आणि हाताशी दिवस थोडे. सुदैवाने आम्ही तोवर स्वस्थ बसलो नव्हतो. गणपती बसले त्याच सुमारास दार पुन्हा लावले होते, पण ते उघडे, सुतळीने मागे बांधून ठेवलेले, म्हणजे वाऱ्याने हलून खडखडू नये. ती त्या दाराच्या शेजारीच जेवी. दाराच्या कडीचा "खट्" आवाज तिला असह्य होई, म्हणून तो आवाज आम्ही दारापासून वेगळा काढला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून एक सुटी कडी वाजवी, आणि सौ. लगेच तिच्या तोंडाशी मांसाचा तुकडा धरी. हे उकडलेले मांस भाचा बाहेरून आणीत असे. ते आमच्या घरातल्या कोणत्याही पातेल्यात शिजले नाही, हे येथे नमूद करणे वहिनींच्या दृष्टीने अगत्याचे आहे. चार दिवसांनी "खट्" झाले की यमू सौ.च्या हाताकडे पाहू लागली. वर्गात तीस वर्षे जे सांगितले ते डोळ्यांनी प्रथमच पाहिले.

मग दार लोटणे. ती जेवत असताना दार नुसते टेकवावयाचे आणि जेवण संपण्याच्या आत उघडावयाचे. पुढे कडी लावून पाच अंक मोजावयाचे. मग दहा. मग मी तेथेच बसून वर्तमानपत्राचे एक पान वाची. मर्म हे की तिने मागण्याच्या आत दार उघडावयाचे. रडल्यावर उघडणे आणि रडूनही न उघडणे या दोन्ही पाळ्या येऊच द्यावयाच्या नाहीत. आत असताना गळ्यात पट्टा ठेवावयाचा नाही, कारण तो तारेत अडकून फास बसू शकतो. वरून आणि मागून एक पातळ पासोडी, पण बाजू मोकळ्या. बडोद्याच्या ऑक्टोबरात चारी बाजूंनी पांघरूण घालणे म्हणजे भट्टी करणे. पाण्याची वाटी आत. आणि शिक्षा म्हणून कधीही, चुकूनही, आत घालावयाचे नाही. हे सारे कोणालाही दोन मिनिटांत सांगता येते. करावयास आम्हाला तीन माणसे आणि पाच आठवडे लागले.

प्रगतीची रेघही सरळ नव्हती. एकदा आम्ही पंधरा मिनिटांपर्यंत पोहोचलो होतो. सकाळी चौकातल्या नळाला पाणी आले आणि कोणीतरी बादली भरून वाहू दिली; पाणी फरशीवरून माजघराच्या उंबऱ्याकडे आले. यमू दाराशी नव्हे, मागच्या कोपऱ्यात गेली आणि थरथरू लागली. पुन्हा पाच अंकांपासून सुरुवात. त्यानंतर आम्ही लेनिनग्राडचा प्रयोग उलटा केला. ती जेवीत असता दूर चौकात नळाची करंगळीएवढी धार सोडावयाची, आणि रोज तांब्याभर जवळ आणावयाची. गणेश विसर्जनाच्या ढोलांनी तिचे फारसे काही बिघडविले नाही. ते आम्ही आमच्या कानांवरूनच ओळखत होतो. नवरात्रात रात्री बारापर्यंत गरब्याचे ध्वनिवर्धक चालत आणि ती दार लावलेल्या ओवरीत घोरत असे. पण पाण्याचा आवाज झाला की अजूनही कान उभे.

ऑक्टोबरच्या मध्यावर डॉक्टरांनी पुन्हा चित्र काढले. हाड जुळले होते. जराशी तिरपी चालते, एवढेच.

येथे माझी हकिकत संपते आणि मत सुरू होते. पिंजऱ्याचे समर्थन करणारे म्हणतात की कुत्रा हा मुळात बिळात राहणारा प्राणी आहे, तेव्हा पिंजरा त्याला घरासारखाच. हे अर्धे खरे. लांडग्याची मादी बीळ धरते ती पिल्ले होण्यापुरती. पिल्ले थोडी मोठी झाली की सारा कळप उघड्यावरच निजतो. आपल्या गल्लीतली कुत्री पाहा. मोटारीखाली, ओटल्याच्या आडोशाला, पाठ भिंतीला लावून निजतात. आडोसा त्यांना हवाच असतो. पण तो स्वतः निवडलेला, आणि निदान एका बाजूने निघून जाता येईल असा. या दोन गोष्टी काढून घेतल्या, की आडोसा राहत नाही.

विरुद्ध बाजूने आमचे स्नेही म्हणतात, मुक्या जनावराला कोंडणे ते कोंडणेच. तेही मला मान्य नाही. कोंडले नसते तर यमू आज चालत नसती. दवाखान्यात, आगगाडीत, रोगराईत कुत्र्याला केव्हातरी बंद जागेत राहावे लागतेच. दिवाळीच्या फटाक्यांत तर ते स्वतः आडोसा शोधते. ज्याला आधी सावकाश सवय लावली आहे त्याचे हाल वाचतात. "कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे" ही म्हण आपण त्याच्या हट्टावर वापरतो. मला तर अलीकडे वाटते की ती नळी घालणाऱ्यांवर असावी.

माझे भांडण आहे ते तिसऱ्याच लोकांशी. नव्या वसाहतींत नवरा-बायको दोघेही सकाळी नऊला बाहेर पडतात आणि कुत्र्याला पिंजऱ्यात घालून सातला परत येतात. फर्निचर वाचते, विचारले तर म्हणतात, "त्याला सवय आहे." पिल्लाच्या बाबतीत जाणकारांचा साधा आडाखा असा, की त्याचे वय जितके महिने, त्याहून एक तास अधिक, यापेक्षा जास्त वेळ त्याला लघवी धरवत नाही, आणि ही ताण देण्याची कमाल मर्यादा आहे, रोजचा नेम नव्हे. दहा तासांचा पिंजरा हे कोणत्याही वयाच्या कुत्र्याला शिक्षण नव्हे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला असे नित्य पिंजऱ्यात ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. आपणही मागे होतो असे नाही. नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या ११ व्या कलमात, हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी फिरविणे-खेळविणे न करणे, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात. साठ वर्षांहून अधिक काळ हे लिहिलेले आहे. आपल्यातल्या किती जणांनी वाचले आहे?

आज हे सांगण्याला निमित्तही आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: नसबंदी आणि लस झाल्यावर, पिसाळलेली वा आक्रमक सोडून, बाकीची जेथून उचलली तेथेच परत सोडावीत. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळे, स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असेही ठरले. ज्यांच्या मुलांना कुत्रे चावले त्यांचे दुःख मी लहान मानीत नाही; रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि म्हणून लसीबाबत हयगय करणाऱ्या कुत्राप्रेमींचा मला रागच येतो. परंतु या साऱ्या गदारोळात पुष्कळ सुस्वभावी घरांनी रस्त्यावरची कुत्री आत घेतली, हेही झाले. भाचा सांगतो, त्यांतली काही आठ दिवसांत परत येतात. कुत्रे आणि पिंजरा एकाच दिवशी आणतात, रात्री दार लावतात, सकाळी शेजारी तक्रार करतात, आणि रविवारी फोन येतो, "आमच्याकडे राहत नाही हो." माझ्याही घरून तो फोन दुसऱ्या दिवशी गेला असता. वहिनी दारात उभ्या नसत्या तर.

तेव्हा अशा घरांना माझे सांगणे एवढेच: पहिले तीन दिवस काही शिकवू नका. पिंजरा आणा, पण दार काढून ठेवा. तो गच्चीत वा गॅलरीत एकटा ठेवू नका, माणसे बसतात तेथे ठेवा. आणि रात्री रडण्याचा आवाज आला तर माझ्यासारखा कापूस शोधू नका. उठून दिवा लावा आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आठवडाभर त्रास होईल. आमच्या गल्लीत एका बिऱ्हाडाने तर रात्रीचे जागरण वाटून घेण्याची तयारी दाखविली, पण ती जुन्या गल्लीची गोष्ट झाली.

पिंजरा परत करण्याची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. ज्यांचा होता त्यांना तो दुसऱ्या एका कुत्र्यासाठी हवा होता. आम्ही यमूला बाहेर बोलावले, गोधडी काढली. ती रिकाम्या तारांवर जाऊन पडली. शेवटी त्यांना नवा घेऊन दिला. वहिनींचा ओसरीचा नियम अजून कायद्याने अस्तित्वात आहे. रोज संध्याकाळी त्या माळ घेऊन ओवरीशेजारी बसतात आणि "हिला आता बाहेर हलवायला हवं" असे म्हणतात.

परवा स्नेही प्रश्न विचारीत होते तेव्हा यमू आतच होती. आवाज वाढला तशी उठली, बाहेर आली, त्यांच्या पायांचा वास घेतला, आणि पुन्हा आत जाऊन पाठ भिंतीला लावून बसली. ते वाट पाहत होते की मी आता उठून दार लावीन. मग त्यांनी नीट पाहिले.

"अहो, याला दार कुठंय?"

दार गच्चीवर आहे. वहिनी त्यावर सांडगे वाळत घालतात. पावसाळ्यापूर्वी खाली आणा म्हणून मी दोनदा सांगितले, पण जाळी बारीक आहे, सांडगे खालून चांगले वाळतात, असे त्यांचे म्हणणे पडले.